शेवट आधी मी बघायचो

सुभाष गेला. आज सकाळी. आणि त्याच्या बायकोला मी सांगितलं की तो जिवंत आहे.

घाईत टाईप करतोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

सुभाष म्हणजे हिंगोलीकडच्या पुसेगावचा माझा शाळेतला दोस्त. हिंगोलीच्या मार्केटला हळद आणणारा टेम्पोवाला.

शाळेत असताना टीव्हीवर हिंदीत डब केलेली एक फायटिंगची सीरियल लागायची. एकटा हीरो, जुनी जीप, दर भागात एक तरी उडी. गावात टीव्ही मोजके, आम्ही दोघं खिडकीतून बघायचो.

शेवटच्या भागात जीप दरीत गेली आणि सीरियल संपली. हीरोचं काय झालं, कुणालाच माहीत नाही.

सुभाष दोन दिवस जेवला नाही. त्याच्या आईनं मलाच झापलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी त्याच सीरियलची टेलिफिल्म आली. मी तोवर हिंगोलीत राहायला आलो होतो, घरी केबल होती. हीरो परत आला होता, केस पांढरे करून. पहिल्या एसटीनं पुसेगाव गाठलं आणि सुभाषला सांगितलं, "जित्ता हाय."

तेव्हापासून नियमच झाला. मधे मधे नवी टेलिफिल्म यायची आणि सुभाष म्हणायचा,

"आधी तू बघ. जित्ता असंल तरच मी बघतो."

एका टेलिफिल्ममध्ये हीरो कठडा धरून जिना उतरत होता. मी हसलो. सुभाष म्हणाला, "हसतो काहून? गुडघे दुखून राहिले असतील त्याचे. आपले काय कमी दुखतेत?"

मागच्या आठवड्यात मोबाईलवर नवी टेलिफिल्म आली. शेवटची.

हीरो मरतो तिच्यात.

सुभाषचा फोन आला. मी म्हणालो, "जित्ता हाय. बिनधास्त बघ."

"बराबर सांगून राहिला ना?"

"व्हय रे."

"मग रविवारी निवांत बघतो."

आज शनिवार.

मार्केटला टेम्पो लावला आणि छातीत कळ आली म्हणे. सोबतच्या ड्रायव्हरांनी दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी पोचलो तेव्हा डॉक्टरांनी तोंडावर चादर ओढली होती. ती मीच बाजूला केली.

घरच्यांच्या आधी मीच बघितलं त्याला. नियमाप्रमाणं.

तेवढ्यात वहिनींचा फोन. "भाऊजी, तुमी बघितलं का त्यांना? जित्ते हायत ना?"

भोवतीचे सगळे हातानं खुणावत होते, सांगू नका, सीरियस म्हणा. आपल्याकडं असंच सांगतात. मीही आजवर लोकांच्या घरच्यांना असंच सांगत आलोय.

"हायत वहिनी. जरा सीरियस हायत. कुणाला तरी संगं घेऊन निघा."

वहिनी रस्ताभर आशा धरून आल्या. लेकीला म्हणत होत्या म्हणे, भाऊजी तिथं हायत, त्यांनी बघितलंय.

जीपमधून उतरल्या, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिथंच मातीत बसल्या.

"तुमी तर हायत म्हणले," एवढंच म्हणाल्या.

ते कानातून जात नाहीये.

उद्या सकाळी अकरा वाजता पुसेगावला अंत्यविधी आहे. ओळखीच्यांनी यावं.

सुभाष, आता खरं सांगतो. तो मरतो रे शेवटी. घरी, खुर्चीत बसल्या बसल्या. तुला आवडलं नसतं.

जयभीम, दोस्ता. हा शेवटचा.