न्यूट्रलमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर

रविवारी आमच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा झाली. हे लिहायला मला गुरुवार उजाडला, कारण आधी लिहायला बसले की हात थांबायचा.

सासर मोहन्याचं, आणि टिटवाळ्याच्या पुढे थोडी शेती. भाड्याचा ट्रॅक्टर कधी वेळेवर येत नाही, म्हणून यंदा छोटा ट्रॅक्टर आणि मागे जोडायचा, फिरत्या पात्यांनी माती मोकळी करणारा रोटाव्हेटर घेतला. चालवणार कोण? घरात रोज गाडी चालवणारी मी एकटीच. आम्ही कल्याणला राहतो; तिथून ठाण्यात वागळे इस्टेटला ऑफिस, जाऊन-येऊन... त्यामुळे निवड आपोआप झाली.

"वहिनी रिक्षावाल्यांना घाबरत नाही, ट्रॅक्टरला काय घाबरणार," दीर म्हणाला. सासरे म्हणजे नाना, ते एवढंच म्हणाले, "बघू."

ट्रॅक्टर सोडायला आलेल्या माणसाने तासभर शिकवलं. मी सगळं लिहून घेतलं. ट्रॅक्टरची एक खोड मात्र माझ्या डोक्यात पक्की बसली... इंजिन बंद केलं की उचललेला रोटाव्हेटर हळूहळू आपोआप खाली येतो. खाली कुणाचा पाय असला तर?

दुसरी खोडही त्या माणसाने सांगितली होती. रोटाव्हेटर फिरवणारी दांडी वेगळी असते. तिचा गिअरशी संबंध नाही. ती 'चालू'वर असेल तर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये असला तरी क्लच सोडताच मागची पाती फिरतात. हेही मी लिहून घेतलं होतं. नुसतं लिहून.

पूजेच्या आधी सगळ्यांनी सीटवर बसून फोटो काढले. प्रत्येकाने दांड्या धरल्या, ओढल्या. मीही ओढल्या, नवऱ्याने "जरा स्टाइलमध्ये" म्हटल्यावर. ती दांडी नेमकी कुणाच्या हाताने सरकली हे मी शपथेवर सांगू शकत नाही. माझ्या हाताने नाही, असंही नाही सांगू शकत.

चाकाखाली लिंबं ठेवली. सासूबाईंना, म्हणजे आईंना, रोटाव्हेटरच्या पात्यांना हळद-कुंकू लावायचं होतं. त्यांना फार वाकायला लागू नये म्हणून मी क्लच दाबून इंजिन सुरू केलं आणि रोटाव्हेटर वर उचलला. तो कुणाच्या पायावर खाली येऊ नये म्हणून इंजिन चालूच ठेवलं. म्हणजे मी काळजी घेत होते... खरंच घेत होते.

आईंनी त्याला झेंडूचा मोठा हार घातला. मग एकेका पात्याला बोट लावत त्या पुढे सरकत होत्या. क्लच दाबून धरून माझा पाय भरून आला. गिअर न्यूट्रलमध्येच होता. तीन हात नाक्याच्या सिग्नलला आपण काय करतो? न्यूट्रल टाकतो आणि पाय सोडतो.

मी पाय सोडला.

मागून खडखड आवाज आला. मी लगेच परत क्लच दाबला आणि मग इंजिन बंद केलं. मागे वळून बघितलं तर हार नव्हता. झेंडूच्या पाकळ्या सगळ्यांच्या केसांत, नानांच्या टोपीवर. आई दोन पावलं मागे उभ्या होत्या, एक हात पदराखाली.

मग दीर हसला. "वहिनी, हार खाल्ला त्याने."

"घेतला म्हण रे," आई म्हणाल्या. "देवाला मान्य झालं. नारळ फोडा."

आणि झालं... सगळे हसले, पेढे वाटले. फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ गेला, खाली नमस्कारांची रांग लागली. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल. नेमक्या त्या क्षणी आई मोठ्या चाकाच्या आड आहेत. हात पात्यांपासून किती लांब होता, ते दिसतच नाही.

सोमवारी ऑफिसात माझं कशात लक्ष नव्हतं. ज्याला सगळे शुभशकुन म्हणतायत, तो माझा पाय होता. हे आईंना न सांगता त्यांच्या हातचं जेवायचं कसं? आणि सांगितलं तर त्या पुन्हा कधी माझ्या गाडीत तरी बसतील का?

मंगळवारी संध्याकाळी मोहन्याला गेले. आई मेथी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "आई, तो शकुन नव्हता. दांडी चालू होती आणि मी बघितलं नाही. क्लच मी सोडला."

त्यांनी जुडी बाजूला ठेवली आणि उजवा हात पुढे केला. मनगटापासून खाली एक लांब, बारीक ओरखडा. खपली धरलेला. "दोन बांगड्या वाढल्या," त्या म्हणाल्या. "पदरात लपवून आणल्या तुकडे. नानांना सांगू नकोस."

मी तिथेच जमिनीवर बसले. पाती बांगड्यांपर्यंत पोचली होती... आणि आईंनी त्यानंतर पेढे वाटले होते.

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"तिथे बोलले असते तर नानांनी ट्रॅक्टर त्याच दिवशी परत पाठवला असता. वर जन्मभर ऐकवलं असतं तुला." त्यांनी परत मेथी हातात घेतली. "मी वाट बघत होते, तू कधी तोंड उघडतेस. उघडलं नसतंस ना, तर तुला त्याच्यावर परत बसू दिलं नसतं. गोड बोलून किल्ली काढून घेतली असती."

मला रडू आलं. "आता रडून भाजीत मीठ घालू नकोस," म्हणाल्या.

आता कुणीही रोटाव्हेटरच्या जवळ जायच्या आधी तो जमिनीवर टेकलेला, इंजिन बंद आणि किल्ली माझ्या हातात... हे आम्ही दोघींनी ठरवलंय. नानांना कारण सांगितलेलं नाही, आणि ते मला अजून टोचतंय.

आभार कुणाचे मानायचे, कळत नाही. नशिबाचे मानावेत तर पुढच्या वेळीही त्याच्यावरच विसंबल्यासारखं होईल. म्हणून आईंचे मानते. त्या गप्प राहिल्या म्हणून नाही... हात वेळेवर मागे घेतला म्हणून.