मास्तरांना न सापडलेला आवाज

आमच्या मास्तरांच्या मते जगात मुकं असं काही नव्हतंच. केशोरीजवळच्या आमच्या शाळेत ते पहिलीला शिकवत, आणि अक्षर म्हणजे कोणाचा तरी आवाज, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. 'फ' म्हणजे चूल फुंकणारी बाई, 'ख' म्हणजे पाटलांचा खोकला, 'स' म्हणजे त्यांच्याच सायकलीचं पंक्चर. पाटील खोकत शाळेवरून गेले की आम्ही सगळे 'ख' म्हणून ओरडायचो. पाटलांनी एकदा विचारलं, "मास्तर, पोट्टे मले काऊन चिडवून राहिले गा?" मास्तर म्हणाले, "चिडवून नाही राहिले जी, वाचून राहिले." माणूस विक्षिप्तच, पण आवाजाला आवाज जोडत आम्ही वाचायला लागलो, हे मान्य केलं पाहिजे.

अडलं एकाच ठिकाणी. 'ळ'चा आवाज त्यांना गावभर सापडेना. आमच्या झाडी मुलखातल्या बोलण्यात तो येतच नाही, आणि मास्तरांची जीभही आमच्यासारखीच, तिकडे वळेना. बेडकांजवळ, गाडीच्या चाकाजवळ कान लावून बसत. बायका पदराआड हसायच्या. खोटा आवाज शिकवायचा नाही म्हणून ते अक्षरच त्यांनी मागे ठेवलं.

अशात आमचा मुलूख दुसऱ्या राज्यात गेला, तिकडचे साहेब आले आणि हुकूम आला: सुटी अक्षरं बंद, चित्र दाखवून अख्खा शब्द शिकवा. न ऐकणाऱ्याची बदली. मास्तरांची आई आंधळी. तिच्या पायांना फक्त याच गावच्या वाटा ठाऊक. मास्तर घाबरले. भिंतीवर चित्रांची कार्डं लागली, शिकवणं मात्र दार लावून जुनंच.

तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्यापुढे कार्ड धरलं. चित्राखाली लिहिलं होतं 'तळे'. 'त' लागला, पुढे अडले. मी चित्र पाहिलं आणि म्हटलं, "बोडी." लहान तळ्याला आमच्याकडे बोडीच म्हणतात.

"नीट वाच."

"पुढचा आवाज नाही शिकली जी."

"का नाही?"

"मास्तराले अजून सापडला नाही जी."

मास्तरांचा चेहरा उतरला. हात जोडून त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं, आणि लगेच बदलीचं विसरून म्हणाले, "साहेब, तुमची जीभ तिकडली हाय. येक डाव म्हणून दाखवा जी." साहेब 'ळ, ळ' करत राहिले आणि अख्खा वर्ग त्यांच्या तोंडात डोकावत राहिला. सगळ्यांत पुढे मास्तर.

साहेब हसले, जेवून गेले, आणि बदलीचा कागद पाठवला. तिरोड्याकडे. आईला बैलगाडीत बसवून निघताना मास्तर मला म्हणाले, "साहेबाचा आवाज साहेबाचा. आपल्या इकडला कुठी आयकला तं सांगजो बाई."

आता पणतूच्या शाळेत पुन्हा आवाजापासूनच शिकवतात, नवी पद्धत म्हणे. असेल. पण परवा पाळण्यातली पणती पोट भरल्यावर एकटीच 'अळ्ळ, अळ्ळ' करत पडली होती. कोणी शिकवलं नव्हतं. मी हातातलं काम ठेवून ऐकलं. म्हणजे हा आवाज घरोघरी पाळण्यात पडून होता, आणि हा शहाणा बेडकांपाशी बसला.

सांगजो म्हणाले होते. आता सांगायचं कोणाला.