फरशीखालचं बोरेज

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे माझे दाजी, काचवाले. खिडक्यांना काचा बसवायच्या, फुटलेल्या काढायच्या, आरसे कापून द्यायचे, हा त्यांचा धंदा. रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण. माणूस कामाला वाघ, पण बोलायच्या बाबतीत ठार कंजूष. लग्न ठरलं तेव्हा मी आईला विचारलं होतं, "ताईसाठी नवरा बघितलायस की भिंत?" आई म्हणाली, "भिंत असली की पाठ तरी टेकता येते." मला ते तेव्हा पटलं नाही. पुढेही बरीच वर्षं पटलं नाही.

दाजींची कामाची एक रीत मात्र बघण्यासारखी होती. दिवसभर काच कापून झाली की ते आधी केरसुणी फिरवायचे, मग ओलं फडकं. आपल्या डोळ्यांना जमीन लख्ख दिसायची. मग ते शटर अर्ध्यावर ओढून आत अंधार करायचे, टॉर्च जमिनीवर आडवी ठेवायचे आणि स्वतः पोटावर झोपून बघायचे. त्या आडव्या उजेडात राहिलेलं काचेचं एकेक कुसळ चमकायचं. मग दाजी ते ओल्या कापसाने टिपून घ्यायचे. "वरून बघितलं की काहीच दिसत नाही," एवढं एकच वाक्य त्यांनी मला त्यांच्या धंद्याबद्दल आपणहून सांगितलेलं आठवतं.

अंगण ताईचं. कुणीतरी दिलेल्या काकडीच्या बियांत काही काळ्या, सुरकुतलेल्या बिया मिसळून आल्या होत्या. काकडी रुसली, आणि या बिया मात्र तरारून वर आल्या. गुडघ्याच्या वर वाढलेलं झाड, पानांवर आणि देठांवर पांढरे टोचरे केस, आणि टोकांना खाली माना घालून लटकलेली निळीभोर फुलं, चांदणीच्या आकाराची. चौकशी केल्यावर नाव कळलं, बोरेज. ताईने ते नाव एकदा ऐकलं आणि सोडून दिलं. ती त्याला निळी म्हणायची, जणू काही घरातलीच कुणी पोर.

पान चुरडलं तर काकडीचा वास यायचा. कोवळी पानं ती बारीक चिरून सूपमध्ये घालायची, म्हणजे केस मऊ पडत. फुलाचं काळं टोक चिमटीत धरून हलकेच ओढलं की निळी चांदणी सुटून हातात यायची आणि केसाळ हिरवी टोपी देठालाच राहायची. अशी फुलं ती बर्फाच्या साच्यात गोठवायची. आणि उन्हाळ्यात चार पानं गार पाण्यात भिजत घालून, गाळून ते पाणी प्यायची. मला दिलं की मीही प्यायचे. दाजींनी कधी तोंड लावलं नाही.

"पानंफुलं खायला आपण काय शेळ्या आहोत?" ते म्हणायचे.

"शेळ्या बऱ्या," ताई म्हणायची. "नाक तरी मुरडत नाहीत."

बोरेजच्या बिया पिकल्या की आपोआप झडतात आणि पुढच्या वर्षी वाटेल तिथे उगवतात. नळापाशी, पायरीच्या फटीत, दाजींच्या लाकडी चौकटी ठेवायच्या जागेवर. फुलांवर मधमाश्या, आणि त्या दुकानात शिरायच्या. दाजी दिसेल ते रोप उपटून टाकायचे. ताईचं लक्ष गेलं की जुंपायचीच. मला वाटतं, मूलबाळ नसलेल्या त्या घरात तेवढाच काय तो आवाज होता.

मग ताईच्या घशात गाठ निघाली. कर्करोगच होता. किरणांचे उपचार सुरू झाले तेव्हा तिला रोज ने-आण झेपेना, म्हणून तिला इस्पितळातच ठेवलं, आणि सोबतीला मी राहिले. दाजी डबा घेऊन यायचे, खुर्चीवर बसायचे, काही न बोलता उठून जायचे. "भिंत भेटून गेली," मी ताईला म्हणायचे. तिला हसायलाही दुखायचं, तरी ती हसायची.

घरी आणलं त्या दिवशी दाजींनी तिला चाकांच्या खुर्चीतून थेट मागच्या दारापाशी नेलं. अंगण ओळखू येईना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत करड्या फरश्या, एका रेषेत, कुठे केसभरही उंचसखल नाही. आम्ही नसताना त्यांनी एकट्याने ते सगळं केलं होतं.

"माझी निळी?" ताईने विचारलं. तिचा आवाज तोवर नुसता घोगरा श्वास झाला होता.

"चिखल असायचा," दाजी म्हणाले. "तुझी खुर्ची रुतली असती. आता दारापासून नळापर्यंत कुठेही जा."

ताईने फरशीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "छान केलंत," ती म्हणाली.

मला असा काही राग आला की बोलून सोय नाही. या माणसाला बायकोला सुख द्यायचं होतं, आणि तिच्या सुखाची जी एक गोष्ट होती तीच त्याने हौसेने पुरून टाकली. करायला गेला एक आणि झालं भलतंच. पण ताईने डोळ्यांनी दटावलं, आणि मी मूग गिळून बसले.

घरी आल्यावर खरी लढाई सुरू झाली ती पाण्याची. किरणांनी तिचं तोंड आतून सोलवटलं होतं. प्रत्येक घोट जाळत जायचा, आणि वर ती म्हणायची, पाणी गंजक्या खिळ्यासारखं लागतं. चमचा पुढे केला की ओठ मिटायची. साखर घालून बघितली, कोमट करून बघितलं, फळांचा रस तर विस्तवासारखा लागायचा. डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, "पाणी पोटात गेलं नाही तर पुन्हा भरती करावं लागेल आणि पोटात नळी बसवावी लागेल. तोवर घरीच सलाईन लावून पुढच्या तपासणीपर्यंत वाट बघू."

नळीचं नाव काढताच ताईने माझं मनगट धरलं. इस्पितळात शेजारच्या खाटेवरची बाई नळी लावल्यावर घरी गेलीच नव्हती, ते तिने पाहिलं होतं. किरणांनी गाठ हटली नव्हती हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि माझ्या बहिणीला मरणाची भीती नव्हती. तिला तिथे मरायचं नव्हतं, घरी मरायचं होतं. एवढीच तिची मागणी, आणि ती आम्हाला पुरी करता येईल असं दिसेना.

संध्याकाळी मी तिची उशी सारखी करत होते तेव्हा ती म्हणाली, "निळीचं पाणी असतं ना, तर गेलं असतं गं घशाखाली." मी मागे बघितलं तर दाजी दारात उभे. ते वळून दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी मी रोपवाटिका पालथ्या घातल्या. एका माळीबुवांना नाव तेवढं ठाऊक होतं. "आम्ही ठेवत नाही," ते म्हणाले. "त्याचं मूळ सरळ खाली जातं. उपटून दुसरीकडे लावलं की मान टाकतं. जागच्या जागी पेरावं लागतं, बाई." हात हलवत घरी आले तर मागून ठक ठक आवाज येत होता.

दाजी छिन्नी-हातोडा घेऊन फरशी फोडत होते. आयुष्यभर ज्याने हातातली वस्तू फुटू नये म्हणून जीव टाकला, तो माणूस आपणच घातलेल्या फरश्यांचे तुकडे करत होता. नळापासून पायरीपर्यंत अर्धं अंगण उघडं केलं. खालची माती पांढरी, दडपलेली. त्यांनी ती खुरप्याने मोकळी केली आणि झारीने पाणी घातलं.

माझ्या तोंडाला कुठला आलाय लगाम? मी म्हटलं, "वरातीमागून घोडं! आता काय उगवणार आहे इथे?"

"दरवर्षी झडायच्या बिया," ते म्हणाले. "मी रोपं उपटली. बिया कुठे वेचल्या होत्या?"

ताईची खाट त्यांनी खिडकीशी ओढली. तिथून ती मातीकडे बघत पडायची आणि मी चमच्याने ओठ ओले करायचे. काही दिवसांनी मातीत हिरवे ठिपके दिसले. तण की रोप, मला काही कळेना. दाजी उकिडवे बसून एकेक बाजूला काढू लागले. हे राहू दे, हे नको.

"तुम्हाला कसं ओळखता येतं?" मी विचारलं.

"इतकी वर्षं उपटलीत, धाकटे. मी नाही ओळखणार तर कोण?"

आत ताईला ते ऐकू गेलं. ती हसता हसता रडली की रडता रडता हसली, मला सांगता येणार नाही.

पानं बोटभर झाली तोवर तपासणी तोंडावर आली होती. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, दोन-चार पानं चालतील, जास्त नकोत, यकृताला बरी नाहीत. दाजींनी पानं धुतली, गार पाण्यात भिजवली, स्वयंपाकघरातल्या गाळणीने गाळली आणि पेला स्वतः तिच्या ओठांना लावला. तिने एक घोट घेतला आणि किंचाळली. एवढ्याशा आवाजात माणूस किती किंचाळू शकतं ते मी त्या दिवशी ऐकलं. पानांचे केस गाळणीतून उतरले होते, आणि सोललेल्या जिभेला ते काचेसारखे टोचले. थुंकीत रक्त आलं. दाजी पेला धरून तसेच उभे राहिले. मी त्यांच्या हातातून तो काढून घेतला आणि पहिल्यांदाच मला त्यांना टाकून बोलावंसं वाटलं नाही.

त्यांनी आरसे पुसायचं तलम कापड काढलं, नवं कोरं. ते उकळलं, चौघडी केली, पाणी पुन्हा गाळलं. मग स्वयंपाकघराचा पडदा ओढला, पेला टेबलावर ठेवला, टॉर्च आडवी लावली आणि हनुवटी टेबलाला टेकून बघत बसले. पाण्यात बारीक केस चमकत होते. पुन्हा गाळलं. पुन्हा बघितलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. शेवटी त्या उजेडात नुसतं पाणी उरलं, तेव्हा त्यांनी त्यातला एक घोट स्वतः आधी ओठाच्या आत फिरवून थुंकला आणि दुसरा पेला भरून आत नेला.

ताई घाबरली होती. तरी तिने तोंड उघडलं. एक घोट. थांबली. मग दुसरा.

"लागते का काकडी?" दाजींनी विचारलं.

"लागते की," ताई म्हणाली.

तिने पेला संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक, संध्याकाळी एक. पुढे मधल्या वेळी साधं पाणीही घोटघोट जाऊ लागलं. डोळे मिटून, खाटेची कड घट्ट धरून पीत असायची, पण प्यायची. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि नळीचा विषय काढला नाही.

एकदा दाजी दुकानात असताना तिने मला जवळ बोलावलं. "चव काही कळत नाही गं मला," ती म्हणाली. "काकडी नाही, काही नाही. तोच खिळा. पण त्यांनी फरशी फोडली ना. त्यांना सांगू नकोस." मी नाही सांगितलं.

निळी फुलली, मधमाश्या आल्या, दुकानातही शिरल्या. दाजी त्यांना हाताने बाहेर वाट दाखवायचे. फुलं अजून झाडावर असताना ताई गेली. घरात, आपल्या खाटेवर, खिडकीशी. झोपेतच. तिला हवं तसं झालं, असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं, आणि मग न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले.

सगळं आवरल्यावर मी परत जायच्या दिवशी दाजींनी मला स्वयंपाकघरात बसवलं. पानं भिजवलेली होती. त्यांनी कापडातून पाणी गाळलं, दोन पेले भरले, एक माझ्यापुढे सरकवला आणि एक स्वतः प्यायले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"काकडीसारखंच लागतं की," ते म्हणाले. मग पेला खाली ठेवला. "तिला नव्हती लागत."

मी दचकले. "कुणी सांगितलं?"

"एके दिवशी कामाच्या गडबडीत पानं घालायची राहिली. नुसतंच पाणी गाळलं आणि नेऊन दिलं. म्हणाली, आज फार छान झालंय."

"मग? कळल्यावरही रोज पानं भिजवत होतात? तासन्‌तास गाळत बसायचात. नुसतं पाणी दिलं असतंत तरी चाललं असतं."

दाजींनी दोन्ही पेले उचलले आणि नळाखाली धरले.

"ती माझ्यासाठी रोज एवढं खोटं बोलत होती, धाकटे," ते म्हणाले. "मग पाणी तरी खरं नको?"