पहिल्या खुर्चीचा रंग

आमचे भाऊजी फर्निचरला पॉलिश करतात. त्यांच्या हाताखालून गेलेल्या टेबलात भांग पाडता येतो, म्हणून बाजारात त्यांचं नाव चकाकी पडलं. माझी थोरली बहीण त्यांची बायको. म्हणजे मी मेहुणी, आणि मेहुणीने भाऊजींची टर उडवायची नाही तर कुणी उडवायची? माझं शिवणाचं दुकान त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी आहे, तेव्हा टर उडवायला मला लांबही जावं लागत नाही.

गेल्या वर्षी मात्र टर उडवायची सोय राहिली नाही. चकाकीशेठ विसरायला लागले. हातातला ब्रश धरून ब्रश कुठे गेला म्हणून दुकानभर हिंडायचे. एका गिऱ्हाइकाच्या कपाटाचं एकच दार दोनदा पॉलिश केलं आणि दुसरं तसंच ठेवलं. एका दारात दाढी करता येत होती, दुसऱ्याला हात लावला तर कुसळ टोचत होतं. शिवाय डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, जेवण जायचं नाही. सगळे म्हणाले, वय झालं.

ताई असं म्हणणाऱ्यातली नव्हे. तिने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती गोष्ट दमते, ताई दमत नाही. तिने कुठल्याशा पुरवणीत वाचलं की मेंदूला खुराक लागतो, आणि दुसऱ्याच दिवशी घराचं इस्पितळ झालं. पालेभाज्या, कडधान्यं, मूठभर बदाम, भलामोठा डबा. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तिचा काढा. अक्रोड सालासकट वाटायचे, त्यात डाळिंबाची सालं आणि चहाची पत्ती टाकायची, आणि अर्धं पाणी आटेपर्यंत उकळायचं. ही कृती पुरवणीत नव्हती, ती ताईची स्वतःची. एक घोट मी घेऊन पाहिला. जिभेवर कुणी गोणपाट अंथरावं तसं झालं.

भाऊजींनी तोंडातून ब्र काढला नाही. ताईसमोर ब्र काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ते काढ्याची बाटली आणि डबा मुकाट्याने दुकानात न्यायचे आणि डबा शेजारच्या सुताराला द्यायचे. बदामही त्यालाच. सुतार गुबगुबीत झाला. त्याची मापं मात्र पूर्वीइतकीच चुकत राहिली, हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

संध्याकाळी ताई परीक्षा घ्यायची.

"अहो, आज डब्यात कुठली भाजी होती?"

तिचा हिशोब सरळ होता, सांगितलं तर मेंदू शाबूत. भाऊजींची युक्ती त्याहून सरळ. घरी निघताना ते सुताराला विचारून घ्यायचे, काय रे, आज भाजी कुठली होती? महिना दोन महिने ताईने चकाकीची म्हणून सुताराची स्मरणशक्ती तपासली आणि ती उत्तम निघाली.

अशात डॉक्टरीणबाईंचं काम आलं. चौकातल्या दवाखान्यासाठी त्यांनी सहा खुर्च्या करून घेतल्या होत्या, पेशंटना बसायला. भाऊजींनी नमुना म्हणून एक खुर्ची पॉलिश करून दाखवली. त्या खुर्चीचा रंग काय सांगू! सावलीत ठेवलेल्या जुन्या मधासारखा, तपकिरी, आणि आतून थोडा लालसर. बाईंनी खुर्चीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाकीच्या पाच अगदी अशाच करा. फरक नको."

भाऊजी हो म्हणाले. दुकानात परतले, रंगाच्या रिकाम्या डब्यासमोर उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की हा रंग कसा झाला ते आपल्याला आठवत नाही.

त्यांनी जंग जंग पछाडलं. दर वेळी वाटीत नवा रंग कालवून लाकडाच्या पट्ट्यांवर नमुने काढले, भिंत भरवली. एकही जमला नाही. मग एक दिवस माझ्या दुकानात येऊन कापडाच्या गठ्ठ्यावर बसले.

"धाकटे, तुझ्या ताईला सांगू नकोस. रंग माझ्याच हातचा आहे गं, आणि मलाच सापडत नाही. माझी आई शेवटी शेवटी मला दूधवाला समजायची. हा रंग जमला नाही तर दुकानाला कुलूप. लोकांची लाकडं बिघडवत बसणार नाही मी."

मी त्यांच्याशी नेहमी वाकडंच बोलते. त्या दिवशी मला एकही वाकडा शब्द सुचला नाही. मला भीती वाटली, सरळ सांगते. मी त्यांना पाणी दिलं आणि त्यांनी ते पिऊन पेला माझ्या शिलाई मशीनच्या खणात ठेवला.

भांडं फुटलं ते सुतारामुळे. त्याला एकदा थट्टेची लहर आली. संध्याकाळी भाऊजींनी भाजी विचारली, तर हा म्हणाला, दुधी. भाऊजींनी घरी जाऊन छातीठोकपणे सांगितलं, दुधी. आता ताईचं आणि दुधीचं लहानपणापासून वैर. तिच्या घरात दुधी शिरलेला कुणी पाहिलेला नाही. ताईने ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी डबा घेऊन स्वतःच दुकानात जाऊन बसली. समोर बसून खाऊ घालते, म्हणाली, बघते कोण खातो ते.

आता दुकान कसं, ते सांगायला हवं. एक लांबट खोली, एक दार, मागे एक खिडकी. सुतार दोन वर्षांपूर्वी शेजारी आला तेव्हापासून त्याच्या करवतीचा भुसा खिडकीतून आत यायचा. ओल्या पॉलिशवर भुशाचा कण बसला की पुन्हा सगळं घासायचं. म्हणून भाऊजींनी खिडकीला खिळे ठोकले होते, आणि पॉलिशचा हात मारताना दारही लावून घ्यायचे. पॉलिश पातळ करायच्या थिनरचा वास आपल्याला अत्तरासारखा, असं वर कौतुकाने सांगायचे.

मी तासाभराने गंमत बघायला गेले. वाटलं होतं, आत रणधुमाळी असेल. तर आतून हसण्याचा आवाज. दार उघडलं तर ताई स्टुलावर बसून खिदळत होती. माझी ताई, जी स्वतःच्या लग्नातही हसली नव्हती! मला पाहून म्हणाली, "ये आत्या, बस." डोक्यावर चष्मा, आणि चष्मा शोधण्यासाठी रंगाच्या डब्यांची झाकणं एकेक उघडून बघतेय. भाऊजी शांतपणे खुर्ची घासत होते. त्यांना यात काही वावगं दिसत नव्हतं. मी पोट धरून हसले. मग ताई उठायला गेली, भिंतीला धरलं, पांढरीफटक पडली, आणि माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

हाताला धरून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासायच्या आधी तिचा वास घेतला.

"ह्यांना कुठे बसवलं होतं?"

मी सांगितलं.

"आणि तुमचे भाऊजी तिथे किती वेळ असतात?"

"दिवसभर. रोज."

"खिडकी?"

"खिळे मारलेत."

"जेवतात काय?"

इथे मला सुताराबद्दल सांगावं लागलं. ताई कॉटवर पडल्या पडल्या डोळे मिटून सगळं ऐकत होती. ती शुद्धीवर आलीय हे तिच्या भुवईवरून मला कळलं.

बाई म्हणाल्या, "दिवसभर डोक्यात थिनरची वाफ, पोटात नुसता चहा. मेंदूने करायचं काय? खुराक चांगलाच आहे हो, पण तो सुताराला पोचतोय. आणि पोचला असता तरी चूल धुमसत ठेवून भिंतीला चुना लावण्यातला प्रकार. आधी हवा." मग म्हणाल्या, "किती भरून येईल ते आत्ता नाही सांगता येणार. पण तपासल्याशिवाय वयावर ढकलू नका." भाऊजींचं रक्त तपासलं तर त्यातही एका जीवनसत्त्वाची चणचण निघाली. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या.

खिडकीचे खिळे सुतारानेच उपटले. इतके बदाम खाल्ल्यावर तेवढं करणं भाग होतं. ठरलं असं, की करवत सकाळी चालेल, पॉलिश दुपारी, तेही मागच्या अंगणात, तोंडाला मास्क बांधून. जेवण दोघांनी बाहेर बसून करायचं, आपापल्या डब्यातलं.

आधी डोकेदुखी गेली, मग चिडचिड. मग एके दिवशी भाऊजी आपणहून म्हणाले, भाजीला मीठ कमी आहे. एरवी असं बोलणाऱ्याची ताईने खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी ती आत जाऊन मीठ घेऊन आली. रंग मात्र सापडत नव्हता. पहिली खुर्ची कोपऱ्यात बसून त्यांच्याकडे बघत राहायची, आणि डॉक्टरीणबाईंचे निरोप येत राहिले.

मग ती दुपार. मी अंगणात त्यांच्याशी बोलत होते. ताईने पेल्यात काढा ओतून त्यांच्या हातात दिला आणि डबा विसळायला नळावर गेली. तिची पाठ वळली मात्र, भाऊजींचा हात आपला आपण बाजूला गेला आणि पेला रंगाच्या डब्यावर कलता झाला. अगदी सवयीने. काढा ओतणार, तोच हात हवेतच थांबला.

"धाकटे," ते पुटपुटले, "आठवलं."

मला कळायला एक क्षण लागला. हा लबाड माणूस महिनोन्‌महिने बायकोचा काढा रंगाच्या डब्यात ओतत होता! पॉलिशच्या आधी लाकडाला पाण्यातला रंग देतात, त्यात. अक्रोड, डाळिंबाची सालं, चहाची पत्ती. खुर्ची तो सगळा खुराक पिऊन तेजःपुंज झाली होती.

"आता काय करू?" ते म्हणाले. रंग हवा तर काढा हवा, भरपूर हवा. आणि काढा हवा तर ताईला सांगायला हवं.

"आता जीव द्या," मी म्हणाले. मेहुणीचं कर्तव्य असतं.

त्यांनी सांगितलं. उभ्याने, हात जोडून, सगळं. ताई ओला डबा हातात धरून ऐकत होती. मी दोन पावलं मागे सरकले.

"म्हणजे मी पहाटे उठून खुर्चीसाठी अक्रोड वाटत होते," ती म्हणाली.

"हो."

ताईने पहिल्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या तोंडावर राग होता, पण रागाच्या कडेला थोडा अभिमानही डोकावत होता.

"किती लागेल?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिने मोठं पातेलं चढवलं. सकाळभर ढवळलं, गाळलं, आणि पातेल्यासकट रिक्षात बसून अंगणात आली. दुपार कलायच्या आत पाचही खुर्च्या रंगून उन्हाच्या कडेला ओळीने उभ्या होत्या, आणि पहिली त्यांच्यात नेऊन ठेवली तर रंगावरून ओळखू येईना. भाऊजींनी ब्रश धुतला, आणि जिथे ठेवायचा तिथे ठेवला.

ताईने कंबरेवर हात ठेवले. जुनी सवय, ती कुठे जाते?

"अहो, आज डब्यात कुठली भाजी होती?"

भाऊजींनी वळून पाहिलं. सुतार लांब उभा होता, त्याने हात वर केले, मला विचारू नका.

"आज तू डबाच आणला नाहीस," भाऊजी म्हणाले. "पातेल्याच्या गडबडीत घरी राहिला. सकाळपासून उपाशी आहे मी. तू रागावशील म्हणून बोललो नाही."

ताईने तोंडाला हात लावला. खरंच विसरली होती. तिचे डोळे भरून आले आणि ती मागच्या खुर्चीत मटकन बसली.

"अगं, ओली आहे ती!" भाऊजी ओरडले.

"असू दे," ताई म्हणाली, आणि उठली नाही.