घुंगरू बांधलेली मशीन

चौथ्या घराच्या दाराशी मी चपला काढत होते, तेवढ्यात मागच्या बोळीतून घुंगराचा आवाज आला. कोणीतरी जड वस्तू घेऊन घाईने चालत होतं. मी आत गेले. खाटेवर हाताने चालवायची शिलाई मशीन होती. तिच्या चाकाला लाल दोऱ्यात पितळी घुंगरू बांधलं होतं. दसऱ्याच्या पूजेचं. ते अजून हलत होतं.

घुंगरू एका बाजूने चेपलेलं होतं. तसंच चेपलेलं घुंगरू मी आधीच्या तिन्ही घरांत पाहिलं होतं. तेव्हा मनावर घेतलं नव्हतं.

"घ्या न मॅडम फोटो," घरची बाई म्हणाली. तिला धाप लागली होती. मी फोटो घेतला.

मी माझ्याच जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीत फेलो आहे. फेलो म्हणजे पदवीनंतर काही काळ स्टायपेंडवर सरकारी ऑफिसात काम करणारी. अल्लीपूरच्या शाळेत शिकले, घरातली पहिली ग्रॅज्युएट. निवड झाली तेव्हा आईने केळझरच्या गणपतीला नारळ फोडला. माझं काम इव्हॅल्युएशनचं, म्हणजे योजनेमुळे लोकांच्या जगण्यात काय बदललं ते तपासायचं.

योजना साधी होती. गरीब घरच्या बायकांना शिलाई मशीन द्यायची. अट एकच, मशीन लाभार्थीच्या घरी असली पाहिजे. नसली तर रिकव्हरी, म्हणजे नोटीस देऊन मशीन परत घ्यायची. टॅबलेटवर काढलेला फोटो थेट ऑफिसात जातो. तो मागे घेता येत नाही. एकाच मशीनचे चार फोटो गेले होते.

पाचव्या घरी न जाता मी मंदाकाकूंकडे गेले. त्या या बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्ष.

"काकू, बाकीच्या मशिनी कुठं आहेत? विकल्या का?"

त्यांनी माझं मनगट धरलं. "इकल्या नाई व माय. तू अल्लीपूरची न? आपलीच पोरगी. चाल, दाखवतो. पण फोटो नको काढजो."

वस्तीच्या टोकाला टिनाची खोली होती. आत लांब टेबल, त्यावर बोल्टने कसलेल्या मशिनी, प्रत्येकीला मोटर. एक बाई कापड कापत होती, एक कॉलर लावत होती, एक काज-बटण करत होती. मला पाहिल्याबरोबर सगळ्या मशिनी थांबल्या.

"घरी काऊन नाई ठेवत?" मी विचारलं. घाबरले की माझी भाषाही गावची होते.

"एका खोलीत चूल, सासरा अन् लेकरं. मशीन का डोक्यावर ठेवू?" कॉलरवाली म्हणाली. "अन् एकटीले शाळेच्या ड्रेसची ऑर्डर कोण देते?"

"मग ऑफिसात सांगायचं न."

"सांगतलं असतं त दुसऱ्या दिवशी गाडी आली असती उचलायले," मंदाकाकू म्हणाल्या. "साहेब म्हणते घरी पाहिजे, त घरी दाखवली. एकच मशीन सुटी होती. थेच बिचारी सकाळपासून फिरून राह्यली."

मी टॅबलेटवरचा फॉर्म उघडला.

फॉर्ममध्ये दोनच पर्याय होते. 'घरी आहे' लिहिलं तर खोटं. 'घरी नाही' लिहिलं तर मशिनी जाणार. आणि मी गप्प बसले तरी फोटो मोठे करून बघणाऱ्याला घुंगरू दिसणारच होतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच मुख्याधिकारी साहेबांसमोर उभी राहिले.

"सर, चारही फोटोंत एकच मशीन आहे."

त्यांनी फोटो पाहिले. "म्हणजे आपल्याला फसवलं."

"घाबरल्या त्या, सर. मशिनी एका खोलीत आहेत आणि रोज चालतात."

"ऑडिटवाल्यांना हेच सांगू? की बायका घाबरल्या?"

तेव्हा कळलं, साहेबही घाबरले होते.

"एकदा येऊन बघा सर. मग नोटीस काढा."

"आणि मशिनी तिथे नसल्या तर?"

"रिपोर्टवर माझी सही असेल. जबाबदारी माझी," मी म्हणाले. मी तरी सगळ्या मशिनींचे नंबर कुठे तपासले होते?

जीप टिनाच्या खोलीपाशी थांबली तेव्हा आत कॉलरवालीने आपली मशीन दोन्ही हातांनी कवटाळली. मंदाकाकू पुढे आल्या. "साहेब, न्यायच्या असतीन त न्या. फक्त हे ड्रेस होऊ द्या. सव्वीस जानेवारीले पोरं काय घालतीन?"

साहेब आत शिरले. एकेका मशीनचा नंबर वाचत गेले आणि मी यादीशी मिळवत गेले. एकही मशीन कमी नव्हती.

"नियम मी बदलू शकत नाही," ते शेवटी म्हणाले. "वर पत्र लिहितो. उत्तर येईपर्यंत रिकव्हरी नाही."

उत्तर यायला वेळ लागला. रस्त्यावर जीप थांबली की बायका दार लावून घ्यायच्या. शेवटी गटाच्या जागेत मशिनी ठेवायला परवानगी आली. फॉर्ममध्ये तिसरा पर्यायही आला.

मी नव्याने फोटो काढायला गेले, तेव्हा मशिनींचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. आत जाऊन पिशवीतून टॅबलेट काढला. सगळ्या मशिनी एकदम थांबल्या.

"काकू, परवानगी आली आहे."

"माहीत आहे व," मंदाकाकू म्हणाल्या. "हात आपोआप थांबते."

दिलेलं परत नेण्याची ताकद ज्याच्या हातात आहे, त्याला लोक खरं सांगत नाहीत. इव्हॅल्युएशन शिकवताना हे कोणी सांगितलं नव्हतं. आता कुठेही गेले तरी चहा होईपर्यंत मी टॅबलेट पिशवीतच ठेवते.