वाटीतला चीक

माझं पहिलं बाळ आठव्या महिन्यातच झालं. दीड किलोसुद्धा भरलं नाही. जव्हारच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकातून नळी घातली आणि मला म्हणाले, बाई, तुम्ही बाहेरच्या वॉर्डात जाऊन झोपा. झोपा म्हणे! पोर तिकडे, मी इकडे, झोप काय बाजारात विकत मिळते? मी मोखाड्याच्या शाळेत शिकवायचे. वर्गभर पोरांना नुसत्या नजरेनं गप्प बसवणारी मी, पण त्या काचेपुढे उभी राहिले की माझाच आवाज फुटायचा नाही. त्याच्या बरगड्या वरखाली होताना दिसायच्या. त्या हलतायत ना, एवढंच बघत राहायचे.

नवरा मोखाड्याला पंचायत समितीत कारकून. तेव्हा मोबाईल आमच्याकडे पोचले नव्हते, त्यामुळे दिवसभर त्याला काही कळायचं नाही. संध्याकाळच्या जीपनं यायचा, डॉक्टरांना "कसं आहे?" विचारायचा आणि उत्तर ऐकायच्या आधीच मान हलवायचा. माझ्याजवळ राहायला सासू आली होती, साखरशेतहून. खळ्यावर भात झोडायचा राहिला होता, तो तसाच टाकून नाचणीच्या पिठाचं गाठोडं घेऊन आली. आमच्याकडे सासूलाही "तू"च म्हणतात. अहो-जाहो करायचं ते साहेबांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या. म्हणाल्या, "बाळाला ओढून प्यायची ताकद नाही. तुमचं दूध पिळून द्या, आम्ही नळीनं घालू. थोडं निघालं तरी चालेल. हे पहिलं दूधच त्याचं औषध." उकळत्या पाण्यातून काढलेली स्टीलची वाटी माझ्या हातात दिली आणि गेल्या.

निघता निघेना. तासभर पिळत बसले. डोळ्यांतून पाणी आलं, पण दूध काही येईना. शेवटी वाटीच्या तळाशी पिवळं, दाट असं दोन चमचे साठलं. परीक्षेत पहिला नंबर आल्यावर झाला नसेल एवढा आनंद मला त्या दोन चमच्यांचा झाला. वाटी झाकून कॉटशेजारी ठेवली, सासूला "बघ गं जरा" म्हटलं आणि तोंड धुवायला गेले.

परत येते तर वाटी स्वच्छ धुऊन पालथी घातलेली.

"आई, दूध कुठंय?"

"टाकलं," ती शांतपणे म्हणाली. "बाहेर आंब्याच्या बुडाशी घातलं. पायदळी नाय येऊ दिलं. हात पण जोडले."

तिच्या गावात सगळ्या बायका हेच करत आल्या होत्या. पहिल्या तीन दिवसांचं दूध जड, पोराला बाधतं, म्हणून ते पिळून झाडाच्या मुळाशी घालायचं आणि तोवर पोराला गुळाचं पाणी चाटवायचं. दोष तिचा नव्हता, हे आज कळतं. तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला तुझा नातू मारायचाय का?" मी ओरडले. सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. ती पदर डोक्यावर ओढून खाली भिंतीला टेकून बसली.

आरडाओरडा ऐकून सिस्टर आल्या. मला वाटलं आता ह्या तिला चांगलं फैलावर घेतील. पण त्या तिच्याशेजारी फरशीवरच बसल्या.

"आजी, घरी गाय आहे?"

"हाय की."

"व्याली की पहिला चीक कुणाला?"

"वासराला. त्याचं पोट भरलं की उरल्याचा खरवस."

"आणि वासराला पाजलाच नाही तर?"

"मग ते उभं कसं राहील?" सासू जवळजवळ खेकसलीच. एवढी शिकलेली बाई आणि एवढंही कळत नाही, असा तिचा सूर. आणि मग तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

जरा वेळानं ती उठली. सिस्टरांकडून वाटी पुन्हा उकळून आणली आणि माझ्यापुढे धरली. "काढ."

"आता कुठून काढू? चीक गळायला झाड आहे का मी?"

"काढ गं. मी पाठ चोळते."

दुपारपर्यंत अर्धा चमचा निघाला. तो तिनं दोन्ही हातांत धरून बाळाच्या खोलीच्या दारापर्यंत नेला. त्या दिवसापासून वाटी तिच्या ताब्यात. नवऱ्यालासुद्धा हात लावू द्यायची नाही. मला नाचणीची पेज पाजून पाजून तिनं जीव नको केला. वॉर्डात नवी बाळंतीण आली की हिचं सुरू, "ए बाय, पयला चीक वतू नको हां!"

मी मात्र तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. राग माझ्या नाकावर असतो असं लोक म्हणतात, पण तो मनातही मुक्काम ठोकून राहतो. सहाव्या दिवशी बाळाचा श्वास मध्येच थांबला. अंग निळं पडलं. डॉक्टर आत धावले, आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या. तेव्हाही माझ्या डोक्यात ते आंब्याखाली गेलेले दोन चमचेच होते. पोराला काही झालं तर हिला जन्मात माफ करणार नाही, असं मी मनाशी म्हटलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, घेतोय श्वास.

पुढे हळूहळू तो सावरला. पेटीतून बाहेर आला, अंगावर प्यायला लागला. अठराव्या दिवशी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. नवरा जीप बघायला गेला. आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. बाळ माझ्या मांडीवर, पिऊन झोपलेलं. सासू कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "माझी दोन गेली. तुझ्या नवऱ्याच्या आधीची."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही माहीत होतं की नाही कोण जाणे.

"एक सहा दिसांचं, एक महिन्याचं. दोघांचा चीक मी झाडाला घातला. माझ्या सासूनं सांगितलं तसा." तिनं बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. "तो पाजला असता तर जगली असती का गं?"

"सिस्टरांना विचार ना," मी म्हटलं.

"त्या गोड बोलतात. तू तोंडावर खरं बोलतेस. तू सांग."

मला काय ठाऊक होतं? काहीच नाही. मुलांना शिकवताना येत नसेल तर येत नाही म्हणून सांगणारी बाई मी. "नाही आई," मी म्हटलं. "त्यांचं दुखणंच वेगळं होतं. ती कशानंही जगली नसती."

तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "बरं," म्हणाली. आणि मग एकदम हंबरडा फोडून रडायला लागली. अठरा दिवसांत ती एकदाही रडली नव्हती. आवाज ऐकून सिस्टर धावत बाहेर आल्या. "काय झालं? बाळाला काही झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "हे बाळ बरं आहे."