बॉयलरचा हार

खंडेनवमीला बाजारात झेंडूचा वास आला, की मला ठाण्याच्या खाडीकाठचा तो बॉयलर आठवतो. बाबांनी नोकरीभर तोच चालवला. नव्वदच्या दशकात तो कारखाना बंद पडला, तिथे काचेची हॉटेलं आली आणि बॉयलर रंगवून शोभेसाठी एका हॉटेलच्या दारात ठेवला. ओहोटीच्या चिखलाचा वास तेवढा जुनाच राहिला. एका खंडेनवमीला मी बाबांना ती नवी हॉटेलं दाखवायला नेलेलं, तर त्यांनी पिशवीतून हार काढून बॉयलरला घातला, हळदकुंकू वाहिलं. त्याच हॉटेलच्या गच्चीत नेमकी माझ्या ऑफिसातली मंडळी बसलेली. "अरे, कुलदैवत का हे तुमचं?" एकाने वरून विचारलं आणि सगळे हसले. "बाबा, चला, लोक बघतायत," म्हणत मी हार ओढून काढला. "अरे, आज त्याचा दिवस आहे," एवढंच ते म्हणाले. घरी आईने विचारलं, "झाली का पूजा?" मी म्हणालो, "वॉचमनने हार काढायला लावला." बाबांनी ते ऐकलं आणि ते हातपाय धुवायला गेले. आता दोघंही नाहीत, तेव्हा सांगून टाकतो. वॉचमन काहीच बोलला नव्हता. तो चपला काढून, हात जोडून बाबांच्या शेजारी उभा होता.